इंग्रजी द्वितीय भाषा शिक्षक-प्रशिक्षण (भारत)

ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकविण्यासाठी शिक्षकाला द्यावयाची सैद्धांतिक व प्रात्यक्षिक तयारी म्हणजे इंग्रजी द्वितीय भाषा शिक्षक-प्रशिक्षण होय. सेवेत येण्यापूर्वीचे पदविका व पदवी अभ्यासक्रम, सेवेत असताना होणारी प्रशिक्षण शिबिरे, विशेष संस्थांचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रे यांचा त्यात समावेश होतो. भारतात या प्रशिक्षणाचे वैशिष्ट्य असे की, येथे इंग्रजी शिकविणारा शिक्षक बहुधा स्वतःही ती भाषा शाळेतच, दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून शिकलेला असतो. त्यामुळे ‘कसे शिकवावे’ या प्रश्नाइतकाच ‘शिक्षकाला स्वतःला ही भाषा कितपत अवगत आहे’ हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. प्रशिक्षणाच्या इतिहासात पहिल्या प्रश्नाला भरपूर उत्तरे मिळाली. दुसरा मात्र वारंवार मागे पडला.

प्रस्तुत लेखात भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांच्या संदर्भात या विषयाचा विचार केला आहे.

संज्ञा आणि व्याप्ती

‘द्वितीय भाषा’ आणि ‘परकीय भाषा’ या दोन संज्ञा अध्यापनशास्त्रात वेगळ्या अर्थाने वापरल्या जातात. समाजाच्या प्रशासनात, न्यायालयांत, उच्च शिक्षणात किंवा व्यापारात जी भाषा प्रत्यक्ष वापरात असते ती द्वितीय भाषा. केवळ वर्गातच भेटणारी ती परकीय भाषा. या व्याख्येनुसार भारतात इंग्रजी ही द्वितीय भाषा आहे. भाषावैज्ञानिक ब्रज कचरू यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या तीन वर्तुळांच्या प्रारूपातही भारत ‘बाह्य वर्तुळात’ येतो, म्हणजे ज्या देशांत इंग्रजी वसाहतकाळातून आली आणि पुढे तेथे रुजली त्यांत.

प्रत्यक्षात मात्र ही विभागणी एकाच राज्यात, कधी एकाच तालुक्यात बदलते. मुंबई-पुण्याच्या मुलाला दुकानाच्या पाट्यांपासून दूरदर्शनपर्यंत इंग्रजी सतत दिसते. मेळघाटातील किंवा अक्कलकुव्याच्या डोंगराळ भागातील मुलाला ती पाठ्यपुस्तकाबाहेर क्वचितच भेटते. त्या मुलाच्या बाबतीत मराठीच दुसरी भाषा असते, कारण घरी कोरकू किंवा भिली बोलली जाते. प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम मात्र सर्वांसाठी एकच असतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मेकॉलेचे १८३५ चे टिपण आणि १८५४ चा वुडचा खलिता हे भारतातील इंग्रजी शिक्षणाचे दोन परिचित टप्पे. वुडच्या खलित्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणाची शिफारस होती; परंतु इंग्रजी शिकविण्याचे असे वेगळे शास्त्र तेव्हा मानले जात नव्हते. ज्याला इंग्रजी येते तो ती शिकवू शकतो, हे गृहीत होते. पद्धत भाषांतराची: नियम पाठ करावयाचा, शब्द पाठ करावयाचे, मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत वाक्ये उतरवावयाची. महाराष्ट्रात तर्खडकरांची ‘भाषांतर पाठमाला’ कित्येक पिढ्यांनी याच रीतीने गिरविली. या पद्धतीला पुढील काळात पुष्कळ नावे ठेवली गेली. तथापि ती साधारण इंग्रजी येणाऱ्या शिक्षकालाही पेलत होती आणि पुस्तक हाती असले की विद्यार्थी एकट्यानेही पुढे जाऊ शकत होता, हे तिचे गुण विसरता येत नाहीत.

भारतीय परिस्थितीतून निघालेला पहिला स्वतंत्र विचार मायकेल वेस्ट यांचा. वेस्ट ढाका येथील शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगालमधील द्विभाषिकतेवरील त्यांचा ग्रंथ १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुसंख्य मुले शिक्षण अर्धवट सोडतात, मग अर्ध्यावर शाळा सोडणाऱ्याच्या हाती काय उरते, हा त्यांचा प्रश्न होता. विम्याचा हप्ता मध्येच थांबविला तर पॉलिसीचे जे मूल्य परत मिळते त्याला ‘सरेंडर व्हॅल्यू’ म्हणतात. वेस्ट यांनी हीच कल्पना भाषाशिक्षणाला लावली. बोलण्याचा अर्धवट सराव लवकर विसरतो, पण वाचता येऊ लागले तर ते कायमचे कामी येते, म्हणून प्रथम वाचन शिकवावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. मोठे वर्ग आणि इंग्रजी बोलण्यात कच्चे असलेले शिक्षक या वस्तुस्थितीपासून त्यांनी आपली पद्धत घडविली, हे विशेष. मर्यादित शब्दसंख्येत लिहिलेली त्यांची वाचनमाला आणि १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेली सामान्योपयोगी शब्दांची सूची यांचा प्रभाव जगभर पडला.

स्वातंत्र्यानंतर इंग्रजीचे शालेय स्थान आक्रसले. तत्कालीन मुंबई राज्यात काही काळ इंग्रजी आठवीपासून सुरू होत असे. पुढे ती पाचवीवर आली. वर्षे कमी झाली तेव्हा थोड्या काळात अधिक परिणाम साधणारी पद्धत हवी, अशी निकड निर्माण झाली. हॅरल्ड पामर, ए. एस. हॉर्नबी आदींच्या कार्यातून विकसित झालेली वाक्यरचना-पद्धती, जिला जुने शिक्षक अजूनही ‘स्ट्रक्चरल ॲप्रोच’ म्हणतात, ती १९५० च्या दशकात भारतात आली. सोप्याकडून कठिणाकडे लावलेल्या वाक्यरचना, त्यांतील प्रत्येकीसाठी वर्गात उभा केलेला प्रसंग आणि तोंडी सराव, असे तिचे स्वरूप. शिक्षक दार उघडतो आणि उघडता उघडता म्हणतो, ‘आय ॲम ओपनिंग द डोअर.’ मुले ते पुन्हा म्हणतात.

ही पद्धत शिकविण्यासाठी संस्था उभ्या राहिल्या. १९५६ मध्ये ब्रिटिश कौन्सिलच्या साहाय्याने अलाहाबाद येथे इंग्रजी अध्यापन संस्था निघाली. १९५८ मध्ये हैदराबाद येथे केंद्रीय इंग्रजी संस्था स्थापन झाली. कन्नड साहित्यिक वि. कृ. गोकाक हे तिचे प्रारंभीच्या काळातील संचालक होते. १९७२ मध्ये तिच्या नावात परकीय भाषांची भर पडली, १९७३ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २००७ मध्ये ती केंद्रीय विद्यापीठ झाली. ‘इफ्लू’ हे तिचे सध्याचे प्रचलित नाव. इंग्रजी अध्यापनातील पदव्युत्तर प्रमाणपत्र व पदविका हे तिचे अभ्यासक्रम दूरशिक्षणानेही करता येत असल्याने राज्याराज्यांतील सेवारत शिक्षकांपर्यंत पोहोचले. दक्षिणेकडील राज्यांसाठी बंगळूर येथे १९६३ मध्ये प्रादेशिक इंग्रजी संस्था सुरू झाली. महाराष्ट्रात हे कार्य औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील राज्य इंग्रजी संस्थेकडे होते.

मद्रासचा हिमगोल

१९५० च्या दशकाच्या अखेरीस मद्रास राज्याने सुमारे २७,००० प्राथमिक शिक्षकांना वाक्यरचना-पद्धतीचे प्रशिक्षण देण्याची मोहीम हाती घेतली. प्रथम थोड्या तज्ज्ञांना तयार करावयाचे, त्यांनी पुढच्या फळीला, त्या फळीने गावोगावच्या शिक्षकांना, असा क्रम होता. डोंगरावरून घरंगळताना वाढत जाणाऱ्या बर्फाच्या गोळ्यावरून तिला ‘मद्रास स्नोबॉल’ हे नाव पडले. इतक्या मोठ्या संख्येला अल्पकाळात गाठण्याचा दुसरा मार्ग तेव्हा नव्हता, आणि आजही फारसा नाही. त्यानंतर भारतात झालेली बहुतेक मोठी सेवांतर्गत प्रशिक्षणे याच साच्याची आहेत: राज्यस्तर, जिल्हास्तर, तालुकास्तर, केंद्रस्तर.

या साच्याचा दोष प्रशिक्षणाला बसलेल्या कोणालाही ठाऊक असतो. वरच्या पायरीवर पाच दिवस जे चालले ते खालच्या पायरीवर दोन दिवसांत उरकते. वर चर्चा झालेली असते, खाली तिच्या टिपणाचे वाचन होते. शिवाय वाक्यरचनेचा क्रम व तक्ता खालपर्यंत पोहोचतो, पण त्या वाक्यांचा नैसर्गिक उच्चार, लय व प्रसंगोचित वापर पोहोचत नाही, कारण त्या गोष्टी टिपणात मावत नाहीत. बर्फाचा गोळा खाली येताना वाढतो. येथे तो वितळत येतो.

बंगळूर प्रकल्प

वाक्यरचना-पद्धतीने शिकलेली मुले वर्गात अचूक वाक्ये म्हणतात, पण वर्गाबाहेर त्यांना गरजेपुरते बोलता येत नाही, हा अनुभव १९७० च्या दशकात सार्वत्रिक झाला. बंगळूरच्या प्रादेशिक संस्थेशी निगडित असलेल्या एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही सामान्य शाळांत एक प्रयोग केला. वर्गात व्याकरण शिकवावयाचे नाही, वाक्येही घोकावयाची नाहीत. मुलांसमोर आगगाडीचे वेळापत्रक, गावाचा नकाशा, खरेदीचा हिशेब अशी कामे ठेवावयाची आणि ती इंग्रजीतून सोडवावयाची. लक्ष अर्थाकडे लागले की रचना आपोआप आत्मसात होतात, हे त्यामागील गृहीतक. १९८७ मध्ये प्रभू यांनी या अनुभवावर ग्रंथ लिहिला. कार्याधारित भाषाशिक्षणाच्या जागतिक चर्चेत हा भारतीय प्रयोग आजही आरंभीच्या प्रयोगांत गणला जातो.

प्रशिक्षणाच्या दृष्टीने या प्रयोगाचा धडा निराळा आहे. प्रकल्पाचे मूल्यमापन झाले तेव्हा निकाल साधारणतः अनुकूल दिसले. परंतु नंतर ॲलन बेरेटा यांनी केलेल्या अभ्यासात असे आढळले की, बाहेरून आलेल्या, इंग्रजीवर प्रभुत्व असलेल्या शिक्षक-प्रशिक्षकांना जे साधले ते शाळेतील नियमित शिक्षकांपैकी बहुतेकांना पुरेसे साधले नव्हते. पाठ्यपुस्तकातील ठरलेले वाक्य म्हणून घेणे आणि मुलाच्या अनपेक्षित उत्तराला तत्क्षणी इंग्रजीतून प्रतिसाद देणे यांत जे अंतर आहे ते केवळ पद्धत बदलून भरून येत नाही.

स्वतः प्रभू यांनी १९९० मधील एका लेखात ‘सर्वोत्तम पद्धत’ ही कल्पनाच नाकारली. शिक्षकाला आपण करतो त्याची मनातून पटलेली जाणीव असणे, हे पद्धतीच्या नावापेक्षा महत्त्वाचे, असे त्यांचे म्हणणे होते. बी. कुमारवडिवेलू यांनी त्याच दशकात मांडलेला ‘पद्धतीपलीकडचा’ विचारही याच दिशेचा आहे.

सेवापूर्व अभ्यासक्रम

प्राथमिक शाळेत शिकविण्यासाठी बारावीनंतर दोन वर्षांची पदविका घ्यावी लागते. पूर्वी ती डी. एड. या नावाने ओळखली जाई, आता डी. एल. एड. म्हणतात. माध्यमिक शाळेसाठी पदवीनंतर बी. एड. आवश्यक असते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार बी. एड. एका वर्षाऐवजी दोन वर्षांचे झाले आणि त्यात किमान २० आठवड्यांची शालेय आंतरवासिता आली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम ही पुढील किमान अर्हता राहणार आहे.

अध्यापक विद्यालयातील छात्राध्यापक सर्व विषय शिकविण्यासाठी तयार होत असतो. इंग्रजी त्यांपैकी एक. बी. एड. मध्ये इंग्रजी हा अध्यापन पद्धतीचा विषय म्हणून निवडता येतो. त्यात भाषेची चार कौशल्ये, उच्चारशास्त्राची तोंडओळख, गद्य, पद्य, व्याकरण व लेखन यांचे पाठ, चाचणी तयार करणे आणि महाराष्ट्रात रूढ असलेली ‘आशययुक्त अध्यापन पद्धती’ यांचा अभ्यास होतो.

प्रात्यक्षिकाचा आरंभ सूक्ष्म अध्यापनाने होतो. ही कल्पना १९६० च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात निघाली व बडोदे विद्यापीठातील संशोधनाद्वारे भारतात रुळली. सहाध्यायांपैकी पाच-दहा जणांना विद्यार्थी मानून सहा मिनिटांचा पाठ घ्यावयाचा आणि त्यात एकच कौशल्य वापरावयाचे, उदाहरणार्थ सज्जता प्रवर्तन, प्रश्न विचारणे, प्रबलन किंवा फलकलेखन. मग सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुनर्नियोजन, सहा मिनिटे पुनरध्यापन व पुन्हा सहा मिनिटे प्रत्याभरण, असे ३६ मिनिटांचे चक्र भारतीय प्रारूपात प्रचलित आहे. इंग्रजीच्या छात्राध्यापकाला याचा लाभ असा की, मोठ्या वर्गासमोर जाण्याआधी भीड चेपते. उणीव अशी की, समोरच्या ‘विद्यार्थ्यांना’ उत्तर आधीच येत असते. न कळलेल्या मुलाचा चेहरा कसा दिसतो हे या पाठात कधीच दिसत नाही.

त्यानंतर शाळेतील सराव पाठ. पाठ टाचण लिहावयाचे, मार्गदर्शकाकडून तपासून घ्यावयाचे, तक्ते व चित्रे घेऊन वर्गात जावयाचे, मागील बाकावर निरीक्षक वही घेऊन बसलेले. पाठ टाचणाच्या या परंपरेने शिक्षकाला नियोजनाची शिस्त लावली, हे मान्य करावयास हवे. पण टाचणात ‘शिक्षक कृती’ आणि ‘विद्यार्थी कृती’ हे दोन रकाने समोरासमोर असतात आणि विद्यार्थ्याचे अपेक्षित उत्तर आदल्या रात्रीच लिहून झालेले असते. भाषेच्या तासाला ही व्यवस्था फार लवकर कोलमडते. मुलाने वेगळेच उत्तर दिले तर अनेक छात्राध्यापक ते न ऐकल्यासारखे करून दुसऱ्या मुलाकडे वळतात.

शिक्षकाची स्वतःची इंग्रजी

शिक्षक पात्रता परीक्षा महाराष्ट्रात २०१३ पासून घेतली जाते. १५० बहुपर्यायी प्रश्नांच्या या परीक्षेत दुसऱ्या भाषेसाठी ३० प्रश्न असतात. उताऱ्याचे आकलन, व्याकरण आणि भाषाअध्यापनाची तत्त्वे त्यांतून तपासली जातात. बोलणे व ऐकणे तपासता येत नाही. सेवापूर्व अभ्यासक्रमातही प्राधान्याने ‘इंग्रजीविषयी’ शिकविले जाते. परिणामी, वर्षभर इंग्रजीतून दहा सलग वाक्ये न बोलताही इंग्रजी अध्यापनाचा पेपर उत्तम गुणांनी उत्तीर्ण होता येते.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या निमित्ताने आर. अमृतवल्ली यांच्या अध्यक्षतेखाली तयार झालेल्या आधारपत्राने हा प्रश्न स्पष्टपणे मांडला. मुलाला भाषा समृद्ध प्रमाणात ऐकावयास व वाचावयास मिळाली तरच ती येते आणि शिक्षकाचे प्रभुत्व हा त्या समृद्धीचा एक प्रमुख स्रोत असतो, असा त्याचा आशय होता. जेथे तो स्रोत अपुरा तेथे ध्वनिफिती, नभोवाणी, गोष्टींची पुस्तके यांची जोड द्यावी लागते. पुण्यातील सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने आकाशवाणीसाठी तयार केलेला ‘वुई लर्न इंग्लिश’ हा कार्यक्रम याच विचाराचे उदाहरण होय. नभोवाणीवरील आवाज मुलांना सूचना देतो, प्रश्न विचारतो, उत्तरासाठी थांबतो, आणि वर्गातील शिक्षक मुलांबरोबर स्वतःही शिकतो. शिक्षकाला न लाजविता त्याची भाषा सुधारण्याचा हा मार्ग होता.

लाज हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. मराठी समाजात इंग्रजीला ‘वाघिणीचे दूध’ म्हणण्याची प्रथा जुनी आहे आणि इंग्रजीतील चूक ही सामान्य चूक न मानता योग्यतेतील उणीव मानली जाते. प्रशिक्षण वर्गात शेजारच्या शाळेतील सहकाऱ्यासमोर चुकण्यापेक्षा गप्प राहणे शिक्षक पसंत करतात. जो स्वतः चुकण्यास भितो तो मुलांना चुकू देत नाही. म्हणूनच अलीकडील चांगल्या अभ्यासक्रमांत भाषासुधार आणि अध्यापनपद्धती वेगळ्या न ठेवता एकत्र दिल्या जातात: शिक्षक गोष्ट सांगण्यास शिकतो ती इंग्रजीतूनच गोष्ट सांगून, खेळ घेण्यास शिकतो तो प्रथम स्वतः खेळून.

मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या अडचणींचा अभ्यास

प्रशिक्षणातील सर्वांत उपयोगी व दुर्लक्षित भाग म्हणजे दोन भाषांची तुलना. रॉबर्ट लाडो यांनी १९५७ मध्ये व्यतिरेकी विश्लेषणाचा पाया घातला: मातृभाषेहून जे वेगळे ते कठीण. पुढे पिट कॉर्डर (१९६७) आणि लॅरी सेलिंकर (१९७२) यांनी दाखविले की, सर्व चुका मातृभाषेतून येत नाहीत. ‘कम’चे भूतकाळी रूप ‘कम्ड’ करणारा मुलगा मराठीचे अनुकरण करीत नसून इंग्रजीचा नियम शिकला असल्याचा पुरावा देत असतो. शिक्षकाला या दोन प्रकारच्या चुका वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

मराठीतून येणाऱ्या चुकांची काही उदाहरणे अशी. मराठीत इंग्रजीसारखी उपपदे नाहीत, त्यामुळे ‘अ’ आणि ‘द’ गळतात किंवा नको तेथे येतात. ‘माझ्यावर रागावला’ याचे ‘अँग्री ऑन मी’ होते, कारण ‘वर’ या शब्दयोगी अव्ययाला ‘ऑन’ हा प्रतिशब्द पाठ झालेला असतो. ‘त्याच्याशी लग्न केले’ याचे ‘मॅरीड विथ हिम’ होते. प्रश्न विचारताना मराठीत शब्दक्रम बदलत नाही, म्हणून ‘व्हाय यू आर लेट?’ असे वाक्य येते. ‘डिड यू वेंट’ मध्ये भूतकाळ दोनदा लागतो. ‘मला दोन भाऊ आहेत’ याचे ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ होते. तू, तुम्ही, आपण यांतील भेद इंग्रजी सर्वनामात नसल्याने तेथे आदर वाक्याच्या घडणीतून दाखवावा लागतो, हे सहसा शिकविलेच जात नाही आणि मुलाची सरळ इंग्रजी उद्धट वाटते.

उच्चारांत ‘व’ हा एकच वर्ण इंग्रजीतील दोन ध्वनींसाठी वापरला जातो. मराठी लेखनात ऱ्हस्व-दीर्घ भेद असला तरी बोलण्यात इ-ई यांचा भेद अर्थभेदक राहिलेला नाही. त्यामुळे जहाज या अर्थाचा ‘शिप’ आणि मेंढी या अर्थाचा ‘शीप’ हे शब्द मुलाच्या तोंडी सारखे होतात. उलट काही बाबतींत मराठी मुलगा सुदैवी आहे. स्त्री, स्पष्ट, स्थळ असे शब्द त्याच्या भाषेत असल्याने प्रमाण मराठी बोलणाऱ्याला ‘स्कूल’, ‘स्टेशन’ जड जात नाही. मराठी लिपीने ॲ आणि ऑ ही चिन्हे स्वीकारल्यामुळे ‘बॅट’ आणि ‘बेट’ यांतील फरक फळ्यावर दाखविता येतो.

मोठी अडचण वाचनाची. बाराखडी शिकलेल्या मुलाची अपेक्षा असते की अक्षर दिसते तसा उच्चार व्हावा. इंग्रजीत ‘कट’ आणि ‘पुट’ यांत एकाच स्वराक्षराचे दोन उच्चार पाहून तो गोंधळतो. अक्षरनावे पाठ करून घेण्याऐवजी अक्षरध्वनी शिकविण्याचा आग्रह, ज्याला ‘फोनिक्स’ म्हणतात, तो प्राथमिक प्रशिक्षणात आता सर्वत्र दिसतो.

तासाला मराठी वापरावी की नाही, हा वाद जुना आहे. प्रत्यक्ष पद्धतीच्या काळात मराठीचा शब्द निघणे हा शिक्षकाचा दोष मानला जाई. सी. जे. डॉडसन यांनी वेल्समधील प्रयोगांच्या आधारे १९६७ मध्ये द्वैभाषिक पद्धती मांडली. तिच्यात शिक्षक अर्थ सांगण्यापुरता मातृभाषेचा उपयोग करतो आणि वाचलेला वेळ सरावाला देतो. सध्याचा कल बहुभाषिकतेला साधन मानण्याकडे आहे. ‘आश्चर्य’ या अर्थाचा शब्द अभिनयाने समजाविण्यात पाच मिनिटे घालवावीत की एका शब्दात मराठी अर्थ सांगून पुढे जावे, याचे उत्तर बहुतेक शिक्षकांनी प्रशिक्षकांच्या आधीच शोधले होते. मराठी आधारासाठी वापरणे आणि संपूर्ण तास मराठीतून उरकणे यांतील सीमारेषा मात्र प्रशिक्षणात दाखवावी लागते.

महाराष्ट्र: पहिलीपासून इंग्रजी

जून २००० पासून महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. तेव्हा रामकृष्ण मोरे शालेय शिक्षणमंत्री होते. या निर्णयावर तीव्र मतभेद झाले. मातृभाषेचा पाया पक्का होण्याआधी दुसरी भाषा नको, असे एक मत. इंग्रजी माध्यमाकडे जाणारी मुले थोपविण्यासाठी आणि गरिबांच्या मुलांना समान संधी मिळण्यासाठी ती हवी, असे दुसरे. वादात एक व्यावहारिक बाब बाजूला राहिली. पहिली-दुसरीच्या शिक्षकांची नेमणूक इंग्रजीसाठी झालेली नव्हती. अनेकांचा इंग्रजीशी संबंध स्वतःच्या बारावीनंतर सुटलेला होता. अशा शिक्षकांना अल्प मुदतीची शिबिरे घेऊन वर्गात उभे करण्यात आले.

पहिलीच्या पुस्तकात भर ऐकण्या-बोलण्यावर होता: बडबडगीते, सूचनेनुसार कृती, चित्रांवरून संभाषण. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने ही निवड योग्य होती, पण तिने सर्वाधिक भार शिक्षकाच्या तोंडी भाषेवर टाकला. आठवीच्या शिक्षकाला निदान पाठ वाचून दाखविता येतो. पहिलीच्या शिक्षकाला वाचून दाखविण्यासारखे काही नसते. त्याला बोलावेच लागते. लहान मुले ऐकलेला उच्चार जसाच्या तसा उचलतात, म्हणून पायाभूत वर्गांचा शिक्षक भाषेत सर्वांत पक्का हवा. व्यवस्थेत मात्र उलट क्रम रूढ आहे: इंग्रजीची पदवी असलेला शिक्षक वरच्या वर्गांना मिळतो. पुढे अनेक शाळांनी गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकविणारा ‘सेमी-इंग्रजी’ वर्ग सुरू केला आणि या विषयांचे शिक्षकही, इंग्रजी अध्यापनाचे कोणतेही प्रशिक्षण नसताना, प्रत्यक्षात इंग्रजीचे शिक्षक झाले.

सेवांतर्गत प्रशिक्षणाची जबाबदारी राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आणि गटसाधन केंद्रे यांच्याकडे असते. त्यांतील एक प्रयत्न उल्लेखनीय आहे. राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांच्या ‘तेजस’ प्रकल्पात शिबिरांऐवजी शिक्षकांचे स्थानिक गट तयार करण्यात आले. परिसरातील शाळांचे शिक्षक ठरावीक काळाने एकत्र येत, एखादी कृती स्वतः करून पाहत, वर्गात वापरत आणि पुढील बैठकीत काय झाले ते सांगत. मधल्या काळात व्हॉट्सॲपवर इंग्रजीतून संभाषण चाले. मद्रासच्या हिमगोलाशी तुलना केली तर येथे ज्ञान वरून खाली येण्याची वाट पाहिली जात नाही. शिवाय शिक्षक आपल्याच बरोबरीच्यांत बोलत असल्याने भीडही कमी असते. अडचण वेळेची असते. जनगणना, निवडणूक, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरणे यांतून बैठकीचा दिवस मोकळा राहिला तर बैठक होते.

आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रे

परदेशांत किंवा खासगी भाषासंस्थांत शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी केंब्रिजची ‘सेल्टा’ व ‘डेल्टा’ आणि ट्रिनिटी महाविद्यालयाचे ‘सर्ट टेसॉल’ ही प्रमाणपत्रे मान्यताप्राप्त आहेत. जॉन हेक्राफ्ट यांनी १९६२ मध्ये लंडन येथे सुरू केलेल्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमातून सेल्टाची परंपरा निघाली. यात किमान १२० तासांचे मार्गदर्शन, निरीक्षणाखाली सहा तासांचे अध्यापन, अनुभवी शिक्षकांच्या सहा तासांच्या पाठांचे निरीक्षण आणि चार लेखी स्वाध्याय असतात. अध्यापन सहाध्यायांना नव्हे, तर खरोखर इंग्रजी शिकू इच्छिणाऱ्यांना करावयाचे असते आणि प्रत्येक पाठानंतर लगेच चर्चा होते. बी. एड. ला यातून घेण्यासारखे आहे. मात्र हा अभ्यासक्रम मुख्यतः प्रौढांच्या लहान गटांसाठी आहे. साठ मुलांचा वर्ग त्याच्या कल्पनेत नाही. महाराष्ट्रातील शासकीय व अनुदानित शाळांतील नेमणुकीसाठी ही प्रमाणपत्रे बी. एड. ची जागा घेत नाहीत. महाजालावर काही तासांत मिळणारी ‘टेफल’ प्रमाणपत्रे यांहून अगदी वेगळी. त्यांत निरीक्षणाखालचे अध्यापन बहुधा नसतेच, तेव्हा शुल्क भरण्यापूर्वी तेवढे पाहून घेणे इष्ट.

रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये भाषिक साम्राज्यवादावरील ग्रंथात, इंग्रजीचा उत्तम शिक्षक तिचा जन्मभाषकच असतो हा समज खोडून काढला. पीटर मेजेश यांनीही १९९४ मध्ये दाखविले की, जो शिक्षक ती भाषा स्वतः कष्टाने शिकला आहे त्याला विद्यार्थी कोठे अडखळेल हे आधी कळते. दहावीला इंग्रजीत जेमतेम उत्तीर्ण झालेला आणि आता जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला इंग्रजी शिकविणारा शिक्षक ‘ही गो’ म्हणणाऱ्या मुलाला हसत नाही. ‘ही गोज’ मधला शेवटचा ध्वनी आपल्याही जिभेवर किती दिवस बसला नव्हता, हे त्याला आठवत असते.

व्यावसायिक संघटना

भारतातील इंग्रजी शिक्षकांची ‘एल्टाय’ ही संघटना १९७४ पासून चेन्नई येथे कार्यरत असून तिच्या शाखा अनेक राज्यांत आहेत. आंतरराष्ट्रीय स्तरावर अमेरिकेतील ‘टेसॉल’ (१९६६) आणि ब्रिटनमधील ‘आयटेफल’ (१९६७) या प्रमुख संघटना होत.